बांधाच्या बुडाशी

सकाळी ६.१०

पहिला चहा संपेपर्यंत फोन हातात घ्यायचा नाही, असं मी दर पाडव्याला ठरवते. आता पौष लागलाय, म्हणजे यंदाचा निश्चय मोडूनही नऊ महिने झाले. रात्री पावणेबाराला एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीनं सोनोग्राफीच्या पडद्याचा फोटो पाठवलाय. दोन काळे गोल, त्यांच्या मधून गेलेली पांढरी रेघ, आणि ती रेघ जिथं टेकते नेमक्या त्या जागी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. खाली एवढंच: ‘एक की दोन?’

बाळं दोन आहेत हे शेंबड्या पोरालाही दिसेल. प्रश्न वारेचा आहे. दोघांची वार वेगळी आहे, की एकाच वारेवर दोघं पोसली जातायत? पुढचे सहा महिने कसे जायचे, किती खेपा घालायच्या, कशाची धास्ती बाळगायची आणि कशाची नाही, हे सगळं त्यावर ठरतं. ‘फोटोवरून सांगता येत नाही, पेशंट पाठव,’ असं मी लिहिलं. तिनं अंगठा पाठवला. पेशंट बारा आठवड्यांची आहे, म्हणजे वेळ हातात आहे. तेवढ्यावर चहा गोड लागला.

८.४५

कराडात मी सोनोग्राफी करते त्याला एकोणीस वर्षं झाली. मावशींनी फरशी पुसलेली असते, जेलच्या बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या असतात. डिसेंबरात थंड जेल पोटावर पडलं की बाई दचकते, बाळं हलतात आणि माझी मापं चुकतात. दारावर पाटी: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. टेबलावर कायद्याची प्रत. केंद्राचा कायदा १९९४चा; महाराष्ट्रानं त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा केला होता.

मग एफ फॉर्म. नाव, वय, नवऱ्याचं नाव, पत्ता, कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं. आणि एक रकाना: हयात मुलं किती, मुलगे किती, मुली किती. रिसेप्शनवरची मुलगी हा रकाना भरताना आवाज बारीक करते. तिला असं कोणी शिकवलेलं नाही.

९.३०

पहिली जोडी टेस्ट ट्यूबवाली, बारा आठवडे दोन दिवस. नवरा आल्याची शेती करतो. आत येताच म्हणाला, “मॅडम, दोन भ्रूण सोडले होते, म्हंजे वार दोनच असणार, न्हवं का?”

बहुधा. पण एखादं भ्रूण रुजत नाही आणि दुसऱ्याचेच दोन होतात, असंही क्वचित घडतं. म्हणून ‘बहुधा’ हा शब्द मी रिपोर्टात लिहीत नाही.

प्रोब ठेवला आणि अर्ध्या मिनिटात दिसलं. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथं मिळतो तिथं बुडाशी जाड त्रिकोणी पाचर होती, वारेचाच मांसल भाग पडद्यात वर घुसलेला. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखी दिसते म्हणून आम्ही तिला लॅम्डा म्हणतो. शेतकऱ्याला ग्रीक कशाला सांगायचं? “दोन मालकांच्या रानांमधला बांध बघितलाय ना? बुडाशी रुंद, वर निमुळता. माती दोन्हीकडनं चढलेली. तसा हा बांध आहे. रानं दोन, मालक दोन.” एकच वार असली की मधे नुसता पातळ पडदा सरळ खाली येऊन काटकोनात टेकतो, इंग्रजी टी उलटा धरावा तसा. तो बांध नव्हे, साडी वाळत घातल्यासारखं काहीतरी.

फोटो काढला, छापला, फायलीला लावला. हा एक फोटो पुढच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचा आहे, हे मी प्रत्येकीला सांगते. अकरा ते चौदा आठवड्यांत नीट बघितलं तर हा प्रश्न जवळपास शंभर टक्के सुटतो. पुढं बांधाच्या बुडाची माती झिजत जाते, आणि विसाव्या आठवड्यात तुम्ही कितीही महागडं मशीन आणा, जे झिजलं ते दिसत नाही.

१०.४०

दुसरी बाई शिक्षिका, तेरा आठवडे चार दिवस. डोळे सुजलेले. हातात दुसऱ्या गावच्या एका केंद्राचा रिपोर्ट, त्यात एक ओळ: वार एकच, पाठीमागच्या भिंतीला. तिनं रात्रभर मोबाइलवर वाचलं होतं. एक वार म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला जातं, एक बाळ सुकतं, दुसरं फुगतं, दोन्ही जातात.

असले रिपोर्ट बघितले की माझं डोकं फिरतं. ‘वार एकच दिसते’ आणि ‘वार एकच आहे’ या वाक्यांमध्ये कृष्णा-कोयनेएवढं अंतर आहे. दोन वेगळ्या वारा शेजारीशेजारी रुजल्या, वाढताना एकमेकींना भिडल्या आणि चिकटल्या, की पडद्यावर एकच लांबलचक ढीग दिसतो. ढीग मोजून काही ठरत नाही. उलट शंभरातल्या दोन-तीन एकवारी जुळ्यांत वारेचे दोन सुटे भाग दिसतात आणि भले भले फसतात. ढीग नाही, पडद्याचं बूड बघायचं.

तिचं गर्भाशय मागे कललेलं, वार तळाशी. पोटावरून काही लागेना. आतून तपासणी केली, तिला दोनदा कुशीवर वळवलं, एकदा बाहेर चकरा मारायला पाठवलं. बाविसाव्या मिनिटाला बूड सापडलं. पाचर. थोडी बारीक, पण पाचरच.

ती रडायची थांबली आणि लगेच पुढचा प्रश्न: “म्हणजे ती एकसारखी नसणार?”

लोकांचा सगळ्यांत मोठा गोंधळ इथंच आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांचाही. दोन अंड्यांची जुळी असतील तर वार दोन, हे ठरलेलं. पण एकाच अंड्याची, अगदी हुबेहूब जुळी असली तरी वार एकच असेल असं नाही. फलित अंडं पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोघं आपापली वार घेऊन वाढतात. हुबेहूब जुळ्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा असाच असतो. चार ते आठ दिवसांत दुभंगलं तर वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पिशवीही एक, नाळांचा गुंता ठरलेला. म्हणून मी तिला म्हटलं, “चेहरे कसे असतील ते जन्मल्यावर बघा. आज एवढंच कळलं, की दोघांचं स्वयंपाकघर वेगळं आहे.” ती हसली. वर्गात हे सांगणार म्हणाली. सातवीच्या वर्गात सांगू नका, म्हटलं.

१२.१५

पाटण भागातली एकजण, अठरा आठवडे. हिचं ठरलेलं आहे: वार एक, पिशव्या दोन. बाराव्या आठवड्यात मीच लिहिलंय. सोळाव्यापासून दर दोन आठवड्यांनी येते, एसटीनं, कापडी पिशवीत फाइल घेऊन. एकवारी जुळ्यांत वारेवरच्या रक्तवाहिन्या दोघांच्या नाळांना जोडलेल्या असतातच. हा ‘तिसरा रक्तप्रवाह’ एकोणिसाव्या शतकातच फ्रीडरिख शाट्झ नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञानं वर्णिला होता. सामायिक विहिरीवर दोघांच्या मोटारी बसवाव्यात तसं हे. बहुतेकांचं जमतं. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत मात्र एकाची मोटार जास्त ओढते.

ते ओळखायचं पाण्यावरून. विसाव्या आठवड्याच्या आत एकाच्या पिशवीतला सगळ्यांत खोल कप्पा आठ सेंटिमीटरच्या वर आणि दुसऱ्याचा दोनच्या खाली गेला, की त्याच दिवशी पुण्याला फोन. दुर्बिणीतून लेझर घालून त्या जोडवाहिन्या बंद करतात. नुसतं जादा पाणी उपसण्यापेक्षा हे बरं, हे २००४च्या युरोपातल्या चाचणीत दिसलं.

आजचे आकडे ५.६ आणि ३.९. दोघांच्या मूत्राशयात लघवी भरलेली. “विहिरीवर भांडण नाही,” म्हटलं. ती म्हणाली, “आमच्यात सख्ख्या भावांचं मिटलं न्हाई अजून, बारा वर्सं.” एसटी एक वाजताची होती. गेली.

१.२०

जेवायला उठणार तोच मावशी म्हणाल्या, ऊसतोडीतली माणसं बसलीत, सकाळपासून. आधी का सांगितलं नाही म्हणून मी चिडले. ती गप्प बसली होती, म्हणून नंबर मागे पडत गेला, एवढंच कारण.

बीड जिल्ह्यातली टोळी. बाई तेवीस वर्षांची, दिवस साडेपाच महिन्यांचे. सोबत नवरा आणि सासू. उचल दिवाळीआधी घेतलेली, त्यामुळं दोघंही फडात. नवराबायको मिळून एक कोयता असा तिथला हिशोब आहे. बाई एक दिवस नाही गेली तर खाडा दोघांच्या कोयत्यावर. आजचा खाडा पडलाच होता. एफ फॉर्मच्या रकान्यात मुली दोन, मुलगे शून्य.

“आधी सोनोग्राफी झाली होती का?”

“झाली व्हती की. तिकडंच, गावाकडं.”

“कागद?”

“पत्र्याच्या पेटीत राहिले.”

नवऱ्यानं लगेच गावी भावाला फोन लावला. पेटीला कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला, इथं. कुलूप तोड, असं त्यानं भावाला सांगितलं. सासू काही बोलली नाही.

एकवीस आठवडे तीन दिवस. दोन्ही बाळं छान. वजनांत फरक थोडा. पाणी ४.८ आणि ४.१. वार समोरच्या भिंतीला, लांबलचक, एक ढीग. मधला पडदा दिसतो, पण तो वारेला जिथं मिळतो ती जागा दुसऱ्या बाळाच्या पाठीमागे. वाट बघितली. बाळ हलेना. तिला साखर खायला दिली, जिना चढून उतरून यायला सांगितलं. शेवटी बूड दिसलं. पाचर नाही. पण या वेळेला पाचर नसणं म्हणजे काहीच नाही. पाचर असली तर पुरावा, नसली तर कोरं पान. पडद्याची जाडी मोजली: १.८ मिलिमीटर. वेगळ्या वारेचा पडदा चार पदरी असतो, एकीचा दोन पदरी. दोन मिलिमीटरच्या वर गेला तर चार पदर धरतात. १.८ म्हणजे कुंपणावर बसलेला आकडा. पुन्हा मोजला तर २.१ आला.

परदेशी पुस्तकात अशा वेळी काय बघायचं, याची यादी असते. त्यात एक सोपी गोष्ट आहे: दोघांचं लिंग. एक मुलगा, एक मुलगी दिसली तर अंडी दोन, वार दोन, विषय संपला. ती ओळ माझ्या खोलीत बंद आहे. मांडीचं हाड मोजताना प्रोब नेमका तिथूनच जातो. दोन टोकं दिसली की चित्र थांबवायचं, मोजायचं, वर सरकायचं. एकोणीस वर्षांत हाताला ते वळण पडलंय. डोळ्यांनाही.

तेवढ्यात सासूनं विचारलं, “दोनी सारकीच हायेत का ओ म्याडम?”

हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी येतो. कधी तो खरोखर चेहऱ्यांबद्दल असतो. म्हातारीच्या आवाजावरून मला कळलं नाही आणि मी कळून घेतलंही नाही. “आजी, मी वार बघतेय,” म्हटलं.

‘माहीत नाही’ हे तोंडानं सांगणं सोपं आहे, कागदावर लिहिणं अवघड. डॉक्टरला माहीत नाही म्हणजे पैसे वाया गेले, असं माणसांना वाटतं. आणि आपल्यालाही आत कुठंतरी तेच वाटत असतं. पण २०१६ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: दुसऱ्याचं मत घेऊनही ठरत नसेल तर एकच वार आहे असं धरून चला. म्हणजे दर दोन आठवड्यांनी पाणी मोजायचं, रक्तप्रवाह बघायचा. म्हणजे आणखी सात-आठ खाडे.

नवरा म्हणाला, “सांजच्याला कागदाचा फोटू येईल. मग सांगताल का?”

हो म्हटलं.

२.५०

जेवण. मावशींच्या डब्यात आज केळी होती, त्यातलं एक जोडकेळं. त्यांनी ते न बोलता बाजूला ठेवलं. वय साठ, चार नातवंडं. “आता मला कशाला जुळं होतंय,” म्हणाल्या, तरी खाल्लं नाही. त्यांची आजी सुईण होती. वार पडली की ती पाटीत उलटीसुलटी करून बघायची, तुकडा आत राहिला नाही ना म्हणून, आणि मग ती परसात पुरायची. जुळ्याची वार खोल खड्ड्यात पुरायची म्हणे. का, ते मावशींना माहीत नाही. तीन ते सहा पोट, थायरॉइड, मुतखडे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

७.०५

पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रसूतिगृहातून फोन. “तुझी ‘माहीत नाही’वाली मोकळी झाली. येतेस का बघायला?”

ही ढेबेवाडी खोऱ्यातली. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाच वीस आठवडे झाले होते. तिच्याही रिपोर्टात मी लिहिलं होतं: ठरवता येत नाही, एकच वार धरून चालावे. नऊ खेपा घातल्या त्यांनी. आणि एकवारी धरल्यामुळं आज छत्तीस आठवडे पूर्ण होताच सिझर केलं. वार वेगळी आहे हे नक्की असतं तर आठवडा-दीड आठवडा आणखी थांबलो असतो.

ट्रेमध्ये वार होती, एकच, मोठ्या भाकरीसारखी. पहिल्या बाळाच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन. मैत्रिणीनं मधला पडदा चिमट्यानं सोलायला घेतला. वरचा पातळ, काचेसारखा पदर निघाला. खालून दुसरा पातळ पदर निघाला. मधे जाड, धुरकट जोडपदर उरला आणि तो बुडाशी वारेत रुतलेला, ओढला तर वारेचा कपचा निघेल असा. चार पदर. वार दोन, चिकटलेल्या.

“आणि तसंही,” ती हातमोजे काढत म्हणाली, “एक मुलगा आहे, एक मुलगी.”

बाहेर नवरा पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. त्यानं पेढा दिला, मी खाल्ला, मग तो म्हणाला, “मॅडम, राग मानू नका. मुलगा-मुलगी असली म्हंजे वार दोनच असत्यात म्हणं. मग तुमाला हे तवाच दिसलं आसंल की. नऊ खेपा कशाला घालाय लावल्या?”

“मला दिसलं नव्हतं.”

“आसं कसं, एवढं सगळं दिसतंय...”

“मी बघितलंच नव्हतं.”

त्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या जागी माझाही बसला नसता. नऊ खेपांचा डिझेलचा खर्च, सासरच्यांची बोलणी, बायकोनं प्रत्येक खेपेआधी जागून काढलेली रात्र. आणि बाळं २.१ आणि २.३ किलोची, त्यातलं एक अजून वॉर्मरखाली. माझी सावधगिरी त्यांना फुकट पडलेली नाही. तरी उद्या अशीच दुसरी आली तर मी मांडीच्या हाडाशीच थांबेन.

८.३०

दवाखान्यात परतले तेव्हा ऊसतोडीतली तिघं बाकावर होती. फोटो आला होता. गावच्या भावानं कुलूप तोडून, कागद अंगणात धरून नीट फोटो काढलेला. पहिल्या पानावर: दोन जिवंत गर्भ, बारा आठवडे एक दिवस. वारेबद्दल, पडद्याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या पानाला चिकटवलेली सोनोग्राफीची चित्रं थर्मल कागदावरची. हे कागद उष्णतेनं काळे पडतात. पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत ती चित्रं काळीकुट्ट झाली होती. एका कोपऱ्यात थोडा राखाडी भाग शिल्लक होता. मी तो मोठा करून बघितला. आकडे दिसले, फक्त तारीख आणि वेळ.

त्या दिवशी बारा आठवडे एक दिवस होते. बघायला हवी ती जागा त्या चित्रांत असेलही, किंवा प्रोब तिथवर गेलाच नसेल.

“काय निगालं?” सासूनं विचारलं.

रिपोर्ट लिहिला. वारेची संख्या: निश्चित करता येत नाही. एकच वार आहे असे धरून दर दोन आठवड्यांनी तपासणी आवश्यक. खाली मराठीत, मोठ्या अक्षरात: पोट एकदम वाढलं, ताणलं, दम लागला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजची चित्रं साध्या कागदावर छापून दिली आणि नवऱ्याच्या फोनवरही पाठवली.

“चौदा दिवसांनी कुठं असाल?”

“इथला फड चार दिसांत संपतोय. मग वाळव्याकडं. मग कारखाना सांगंल तिकडं.”

आज २६ डिसेंबर. चौदा दिवसांनी ९ जानेवारी येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. “जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात नऊ तारखेला जा, हा कागद दाखवा, पाणी मोजायला सांगा. आकडे मला पाठवा.”

नवऱ्यानं तळहातावर पेनानं ९ लिहिला. सासूनं कागदाची चार घड्यांची घडी केली आणि किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, कमरेच्या पिशवीत ठेवली. तोडलेल्या कुलपाची किल्ली अजून त्या जुडग्यात होती.